सोनपापणी

वाई, ता. ४ नोव्हेंबर

प्रिय विश्वजीत,

वरचा 'प्रिय' बघून लगेच विरघळू नकोस. पत्राची सुरुवात अशी करायची असं आष्ट्याच्या शाळेत बाईंनी शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. फोन करता आला असता. तुझा नंबर माझ्या सुनेच्या, उत्कर्षाच्या मोबाईलात आहे, 'पुण्याचे काका' या नावानं, तो मी परवाच बघितला. पण फोनवर तू मधेच तोंड घालशील, शास्त्रातलं काहीतरी समजावून सांगायला लागशील, आणि माझं डोकं फिरून मी फोन आपटीन. अकरा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. आता एकदा मी बोलणार आणि तू गप बसून ऐकणार. थोरली बहीण आहे मी तुझी, एवढा हक्क अजून आहे.

पहिलं भांडण हे, की माझ्या नातीला, अमृतच्या शिवांजलीला, तू ऑगस्टपासून तपासतोयस आणि माझ्या घरात राहून मलाच त्याचा पत्ता नाही. कळलं कसं, तर दिवाळीच्या पाडव्याला. घरात पाहुणे बसलेले. मी शिवांजलीच्या ताटात करंजी वाढली, तर तिनं ताट मागं ओढलं आणि चारचौघांत म्हणाली, आजी, पुण्याच्या आजोबांनी तूप-खोबरं बंद सांगितलंय. कोण गं हे पुण्याचे आजोबा? तर म्हणे, हृदयाचे. त्यांनी माझ्या छातीला गार गार चिकट काहीतरी लावलं आणि टीव्हीवर माझं हृदय दाखवलं, ते मासोळीसारखं तोंड उघडतंय आणि मिटतंय. पाहुणे हसले. मी उत्कर्षाकडं बघितलं, तर तिच्या हातातला झारा कढईतच राहिला होता. तीन महिने ही पोर 'आष्ट्याला आईकडं जाऊन येते' असं सांगून घरातनं निघायची आणि वाईच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत बसायची! आणि मोटरसायकलवरनं स्टँडवर सोडायला कोण, तर तुझे दाजी. पलटणीत बावीस वर्षं काढून आलेला माणूस. सगळ्या गावात त्यांचा दरारा, घरात माझ्यापुढं ब्र काढत नाहीत, आणि त्यांनी माझ्याशीच गनिमी कावा केला. विचारलं तर म्हणतात कसे, तुला सांगितलं असतं तर तू पोरीला जाऊ दिलं असतंस का? मी म्हटलं, नसतं जाऊ दिलं. मग झालं तर, म्हणाले, आणि चपला घालून रानात गेले.

तर आता माझ्या नातीच्या काळजाची खबर तुला माझ्यापेक्षा जास्त आहे. मला काय ठाऊक आहे ते सांगते. तिच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि बोटांच्या बेचक्यांत पिवळसर गाठी आल्या होत्या. वर्षभर होत्या. मी त्यांना चामखीळ समजले. चुना आणि साबण कालवून मी माझ्या हातानं लावला, पोर ओरडत होती तरी लावला. जूनमध्ये आपल्या भाऊसोच्या श्राद्धाला आम्ही आष्ट्याला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोनं, सुलानं त्या गाठी बघितल्या आणि म्हणाली, सांगलीत कातडीचा डॉक्टर चांगला हाय, जाऊन तर या. गेलो. त्या डॉक्टरनं कोपर बघितलं आणि मलम लिहून द्यायचं सोडून रक्त काढायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन त्यानं दोनदा चष्मा पुसला. सहाशे चाळीस कोलेस्टेरॉल. आठ वर्षांच्या पोरीचं! म्हणाला, या गाठी म्हणजे चरबी आहे, कातडीत दिसते तशी आतून रक्तवाहिन्यांतही बसत असणार. हृदयाच्या झडपेपाशी आवाज येतोय. असंच राहिलं तर ही पोर विशीचं तोंड बघेल याची खात्री देता येत नाही. मी उभी होते. मी म्हटलं, कशावरनं म्हणता? तर त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडं फिरवला. म्हणाला, बघा, असं घराण्यातनं येतं, यावर आपल्याच भागात काम झालेलं आहे.

विश्वजीत, त्या पडद्यावर आपल्या आईचे डोळे होते.

नुसते डोळे आणि कपाळाची पट्टी. खाली इंग्रजीत काहीतरी, बाई, वय बहात्तर. पण दोन भुवयांमधलं तीन ठिपक्यांचं गोंदण मी ओळखणार नाही का? त्यातला तिसरा ठिपका जरा खाली घसरलेला, कारण गोंदताना ती हलली आणि तिच्या आईनं तिच्या थोबाडीत मारली होती. ही गोष्ट तिनं आपल्या तिघांना शंभरदा सांगितलीय. आणि पापण्यांच्या नाकाकडल्या कोपऱ्यांत ते पिवळे डाग. हे सगळं तू तुझ्या लेखात छापून जगाला दाखवलंस. आईनं तुझ्याकडं त्या फोटोची एक कॉपी मागितली होती, भिंतीवर लावायला. जाईपर्यंत म्हणत होती, विशूनं लय झ्याक फोटू काढलाय माझा, पर दिलाच न्हाई. आपल्या आईला फोटो द्यायला तुला सवड झाली नाही, आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांना दिलास. अंगठा घेतला असशील तू तिचा कागदावर, सगळं नियमात असेल, मला ठाऊक आहे. पण मला त्या परक्या माणसाच्या दवाखान्यात आई अशी भेटली. मी एवढंच म्हटलं, या बाईचं नाव अंबूबाई. डॉक्टरला वाटलं, मला भोवळ आली.

त्या डागांना आईच्या माहेरी सोनपापणी म्हणायचे, आठवतं? आईच्या आईला होते, मावशीला होते. देवीनं भंडाऱ्याचं बोट टेकलंय, अशी बाई ज्या घरात जाते त्या घराला कमी पडत नाही, असं आपण लहानपणापासनं ऐकलं. मला तिशीत ते डाग आले तेव्हा मी आरशासमोर उभी राहून खूश झाले होते. आपल्या घराण्यातल्या बायका ऐंशीपर्यंत जगल्या आणि पुरुष पटापट गेले, हे सगळ्यांना दिसत होतं. मोठा मामा बेचाळीस, धाकटा मामा एकोणचाळीस. पण त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्या बापाच्या डोक्यात येणार? बायकांचं सोनं आणि पुरुषांचं मरण एकाच चरबीतनं येतं, हे त्या सांगलीच्या डॉक्टरनं मला पाच मिनिटांत समजावलं. म्हणाला, यकृताला रक्तातली चरबी आत ओढून घ्यायची दारं असतात. आई किंवा बाप, एकाकडनं खोट आली तर निम्मी दारं बंद. दोघांकडनं आली तर जवळजवळ सगळीच. मग म्हणाला, नात्यात लग्न झालंय का? उत्कर्षा माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, मामाची मुलगी केलीय. आमच्यात करतात.

मग त्यानं चिठ्ठी लिहिली, पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरच्या नावानं, आणि वर तुझं नाव. म्हणाला, या रोगावर आपल्याकडं यांच्याएवढं कुणी केलेलं नाही, उद्याच जा. मी ती चिठ्ठी घडी घालून कमरेला खोचली आणि म्हटलं, दुसरं नाव द्या. तो म्हणाला, दुसरं कुणी नाही बाई. मी म्हटलं, मग देव बघून घेईल. हे मी बोलले, विश्वजीत. रिपोर्ट हातात असताना बोलले. घरी आल्यावर माझ्या धुण्यातनं उत्कर्षानं ती चिठ्ठी काढून घेतली असणार. तुला वाटत असेल मी तिच्यावर चिडलेय. चिडलेय. पण तिच्या जागी मी असते तर सासूच्या कानाखाली एक दिली असती, तेवढंही तिनं केलं नाही.

आता तू विचारशील, एवढा राग कशाचा. विचारूच नकोस, मीच सांगते, तुझ्याकडं एकेक नोंदवायची वही असतेच. भाऊसो गेला तेव्हा चव्वेचाळीसचा होता. माझ्या कडेवर वाढलेलं पोर ते. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या गेला, इंजिन चालूच होतं. दहाव्याला सगळे घाटावर बसलोय, पिंड ठेवलाय, कावळा शिवत नाही, सुला पदरात तोंड खुपसून बसलीय, आणि तू डायरी काढून म्हाताऱ्यांना विचारत फिरतोयस, तुमचे वडील कितव्या वर्षी गेले, छातीत दुखलं होतं का, आधी धाप लागायची का. आकडे लिहून घेत होतास! मला त्या दिवशी तुझा जो वीट आला तो आजतागायत गेलेला नाही. भावाच्या पिंडासमोर तू रडायचं सोडून मोजदाद करत होतास. तू म्हणशील, मला रडताना कुणी बघितलं नाही म्हणजे मी रडलो नाही असं नव्हे. असेल. पण बहिणीला दिसेल एवढं तरी रडायचं होतंस.

त्यानंतर चार वर्षांनी तू तुझी पलटण घेऊन आष्ट्याला आलास. मंगल कार्यालय भाड्यानं घेतलंस, भोंगा लावून सांगितलंस की सगळ्या भावकीनं सकाळी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं, फुकट तपासणी. सुई टोचणाऱ्या पोरी कोरे ॲप्रन घालून बसलेल्या. भिंतीवर तू हा एवढा तक्ता टांगलेला. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, काळं भरलं म्हणजे रोग, तिरकी रेघ म्हणजे मेला. मी तिथं पोचले तर आपल्या नात्यातली माणसं उभी राहून स्वतःला शोधत होती. भाऊसो काळा चौकोन आणि त्याच्यावर रेघ. मामा दोन्ही काळे. आणि माझा गोल अर्धा रंगवून त्यात प्रश्नचिन्ह. मी जिवंत उभी, आणि भावानं मला भिंतीवर प्रश्न करून टांगलेलं! मी तो तक्ता ओढून काढला. फाडला. ते तुला आठवतंय, सगळ्यांनाच आठवतंय. पण फाडल्यावर मी काय बोलले ते तुझ्या कानावर नीट गेलं नसेल, तू तुकडे गोळा करत होतास. मी म्हटलं, आपल्या घराला असा रोग हाय हे एकदा सरकारी कागदावर चढलं की आपल्या पोरांना भरतीच्या मैदानावरनं मेडिकलला माघारी धाडतील, जी आत हायत त्यांची तब्येतीची कॅटेगरी खाली येऊन बढती अडंल, आणि पोरींना कोण करंल? मग काय. कुणाचा पोरगा पलटणीत नाही आपल्याकडं? कुणाची पोरगी लग्नाची नाही? दहा मिनिटांत कार्यालय रिकामं झालं. उपाशीपोटी आलेली माणसं समोरच्या टपरीवर जाऊन वडे खायला लागली.

आई तेवढी उठली नाही. बाही वर करून बसून राहिली. मला म्हणाली, क्रांते, दे की रगत, तुज्यातनं काय हिरं-मोती निघणार हायत व्हय? मी म्हटलं, तुझ्या डॉक्टर लेकाला दे, माझं मी धुवून वाळत घालीन. एकोणीस जणांचं रक्त मिळालं तुला, साठ जणांचं पाहिजे होतं. तरी त्यातनं तू काम पुरं केलंस, आणि कुठल्याकुठं गेलास. तेव्हाच त्या साठ जणांना गोळ्या लागू झाल्या असत्या तर? हा हिशेब मला घालू नकोस, मी तो घातलाय. त्या दिवशी वडे खायला गेलेल्यातले चौघे आता नाहीत.

तुझ्या साक्षीला मागणी घातली त्याचं म्हणशील तर तो माझा हक्क होता. भावाची पोरगी पहिली बहिणीच्या पोराला विचारायची, हे काय मी नवीन काढलं? कार्यालयातला तमाशा होऊन दोन महिने झाले होते. मी मन मोठं करून, साडी-नारळ घेऊन तुझ्या पुण्याच्या घरी आले. तू कॉफी दिलीस. आणि म्हणालास, अक्का, साक्षीलाही तोच दोष आहे, मलाही आहे, मी रोज गोळी खातो. अमृतची तपासणी झाल्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही, आणि झाली आणि त्यालाही निघालं तर नाहीच म्हणीन. मी म्हटलं, माझ्या पोराला तपासतोस? बैल आहे का तो बाजारातला? आणि उठले. साडी-नारळ तसाच परत घेऊन एसटीत बसले, साताऱ्यापर्यंत मी खिडकीकडं तोंड करून होते.

मग मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडनं ऐकून घे. भाऊसोची उत्कर्षा तेव्हा वीस वर्षांची होती. बाप नाही, गुणी पोर, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात नुकताच उमटलेला पिवळा ठिपका. मी तो बघून तिला पसंत केलं. डॉक्टर भावानं त्याची पोरगी दिली नाही, तर मेलेल्या भावानं सोनपापणीची दिली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. निवडून, पारखून, उजेडात नेऊन बघून मी तोच रोग घरात आणला आणि वरनं तिची ओटी भरली. दुसऱ्या कुणाचीही पोरगी केली असती तर शिवांजली आज शाळेत खो-खो खेळत असती. आता तिला धावायला बंदी आहे. ती खांबाला धरून बसते आणि बाकीच्यांना मोठ्यानं आकडे मोजून दाखवते.

तू आला होतास. हळदीच्या आदल्या दिवशी, मांडव घातलेल्या दारात. तिला बाप नाही म्हणून चुलता या नात्यानं कन्यादान तुझ्याकडं होतं, वर अमृतचा मामा म्हणूनही मान तुझाच. मला वाटलं, आला शहाणा होऊन. तर तू म्हणालास, अक्का, हे लग्न थांबव. दोन्हीकडनं आलं तर लेकरू मोठं होत नाही. मांडवात! बायका जात्यावर हळद दळत होत्या, त्यांचे हात थांबले. मला वाटलं, पोटच्या पोराच्या वंशावर तू तोंडानं वाईट बोललास. मी तुला म्हटलं, या उंबऱ्याला पुन्हा पाय लावलास तर तुझी बहीण मेली म्हणून समज. तू गाडीत बसून गेलास. कन्यादान सुलाच्या भावानं केलं, मामा म्हणून गल्लीतला हंबीरराव उभा केला. याचाही मला तुझा राग आहे, खरं सांगते. एवढं ठाऊक होतं तर एवढ्यावर गेलास कसा? मांडवाचे खांब उपटायचे होतेस, पोलीस आणायचे होतेस, माझ्या दोन मुस्काटात द्यायच्या होत्यास. हजार माणसांचं रक्त तपासणारा तू, एका बहिणीपुढं शेपूट घातलंस. तुझं बरोबर होतं आणि तरी तू गेलास. मला तुझी चूक सापडली ती एवढीच, पण ती मी सोडणार नाही.

आता सध्याचं. तुझ्या गोळ्यांनी सहाशे चाळीसचं पाचशे दहा झालं म्हणे, आणि एवढ्यावर भागणार नाही असं तूच लिहून दिलंयस. ते नवीन इंजेक्शन, जे अजून संशोधनात आहे, त्यात तुला बारा मुलं घ्यायची आहेत आणि एक जागा तू शिवांजलीसाठी वीस तारखेपर्यंत धरून ठेवलीयस, हे उत्कर्षानं मला रडत सांगितलं. तुझे ते चौदा पानांचे संमतीचे कागद मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. काय ते मराठी! 'सहभागी व्यक्तीच्या पालकांस ज्ञात करण्यात येते की'... कुणाला कळायचं असलं? तरी मी वाचलं. गुण येईलच असं नाही, त्रास होऊ शकतो, कधीही बाहेर पडता येतं, हे सगळं समजलं. आणि हेही समजलं की आई आणि बाप दोघांच्या सह्या लागतात, दोघांचं रक्त लागतं. उत्कर्षानं सही केलीय. मी सांगलीला जाऊन माझं रक्त दिलं, कुणी मागितलं नव्हतं तरी. तीनशे तीस निघालं. तुझ्या तक्त्यात माझा गोल पुरा काळा कर.

राहिला अमृत. तीस तारखेला पलटणीतनं सुट्टीवर आलाय, पंधराला परत जाणार. तो सही करत नाही. दाजींनी सांगून बघितलं, बायकोनं पाय धरले. रक्त द्यायला त्याला कॅटेगरीची धास्ती आहे, ती मी समजू शकते, नायब सुभेदारीसाठी त्याचं नाव गेलंय. पण ते खरं कारण नाही. काल शिवांजलीला मांडीवर घेऊन बसला होता, तिच्या कोपरावरनं बोट फिरवत होता, आणि मला म्हणाला, आई, दुसऱ्या कुठल्याबी डॉक्टरकडं न्हेतो, रान इकतो, पर ज्यानं जवानाला पोरगी दिली न्हाई त्याच्या कागदावर जवान सही करत न्हाई.

हे तुला कळणार नाही. तू असं कधी बोललाच नव्हतास. विश्वजीत, ते मी बोलले. तुझ्या घरनं साडी-नारळ परत घेऊन आले त्या दिवशी अमृत विचारत होता, सगळी भावकी विचारत होती, मामा नाही का म्हणाला? रक्तात खोट आहे म्हणून, असं मला तोंडातनं काढवेना. मी म्हटलं, तुझा मामा म्हणतो, शिपायाला माझी पोरगी द्यायची नाही, सीमेवर मरायला निघालेला माणूस, उद्या पोरगी पांढऱ्या कपाळानं घरी येईल. असं मी रचून सांगितलं. ते त्यानं अकरा वर्षं छातीशी धरून ठेवलंय. काल रात्री त्याला जेवताना खरं सांगितलं, की हे माझं खोटं होतं. त्यानं हात धुतला आणि म्हणाला, पोरीसाठी तू आता त्याची बाजू घेतीस, मला कळतंय आई. माझं खोटं त्याला खरं वाटलं आणि खरं खोटं वाटतंय, अशी माझी गत झालीय. म्हणून हे पत्र. उत्कर्षा गुरुवारी तुझ्याकडं येतेय, तिच्या हाती देते. रविवारी तू इथं ये. उंबऱ्याचं मी बोलले होते ते मीच मागं घेते. तुझं शास्त्र गाडीतच ठेव आणि जिंकल्यासारखं तोंड करून उभा राहू नकोस. मी तुला त्याच्यासमोर बसवणार आणि तुझ्याकडं बघून त्याला सांगणार, की या माणसानं तुला जवान म्हणून कधीच नाकारलं नव्हतं. ते मी रचलं, आणि रक्तात खोट नाही हे दाखवायला त्याच रागाच्या भरात, अमृत, तुझं लग्न उत्कर्षाशी लावलं. विश्वजीत, तुझ्या तोंडावर बोलताना मी खोटं बोलू शकत नाही हे त्याला ठाऊक आहे, लहानपणी त्यानं आपली भांडणं बघितलीत. त्यानंतर तो मला आई म्हणेल का, सांगता येत नाही. पण सही करेल. ते कागद घेऊन ये.

तुझीच,
क्रांती अक्का